जास्वंदीचे वाटेकरी

भाद्रपदात लाल जास्वंदीवर दोघे हक्क सांगतात. एक गणपती आणि दुसरा तो काळा, नारिंगी पट्ट्यांचा किडा. गणपती दीड दिवसाचा, फार तर दहा दिवसांचा पाहुणा. किडा श्रावणातच मुक्कामाला येतो आणि दसरा झाला तरी हलायचं नाव घेत नाही. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला हिंगे म्हणतात. जेमतेम इंचभर लांब, पाठीवर आडवे पट्टे, डोकं खाली घालून पाकळी कडेनं कुरतडत बसलेला. एका फुलात कधी एकटा, कधी तिघं-चौघं. पुंकेसर संपवायचे, मग पाकळ्या. सकाळचं ऊन चढेपर्यंत फुलाच्या जागी देठ आणि चार चिंध्या. पानांकडे तो फारसा वळत नाही. त्याला हवं असतं ते नेमकं आपल्याला हवं असलेलंच.

आमचं चिखलोली अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे. रेल्वेच्या हिशोबात अंबरनाथ मुंबईपासून साठ किलोमीटर, बदलापूर अडुसष्ट. मधल्या पट्ट्यात गाडी थांबायची ती सिग्नल मिळाला नाही तरच. खिडकीत बसलेल्याला भाताची खाचरं दिसायची, बांधावरची भेंडी-चवळी दिसायची, पलीकडे गवताचा माळ आणि मागे मलंगगडाची रांग. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांचे दोस्त कोणी विम्कोत काडेपेटीच्या कारखान्यात, कोणी धरमसी मोरारजीत. तिथं सुपर फॉस्फेट तयार व्हायचं; आमच्या गुलाबाच्या मुळाशी पडणारी मूठ मात्र दुकानातून रोख पैसे मोजून आणलेली असे. गावाच्या कडेला आमचं बैठं घर, पुढं हातभर अंगण आणि मागं परसू. अंगणात जास्वंदीची दोन झाडं, तगर, कण्हेर, अबोली, एक गावठी गुलाब. गुलबक्षी कुणी लावली नव्हती, ती आपली आपण उगवायची. परसात भेंडी, चवळी, दुधीचा मांडव. म्हणजे हिंग्यांना जेवणाची पंगतच मांडून ठेवलेली.

आजी उठायची ती झुंजुमुंजू व्हायच्या आत. हातात फुलांची परडी आणि दुसऱ्या हातात डालड्याचा रिकामा डबा, त्यात आदल्या दिवशीचं कपडे धुतलेलं साबणाचं पाणी. फूल तोडण्याआधी डबा फांदीखाली धरायचा आणि फांदीला एक हलका झटका द्यायचा. पहाटेच्या गारव्यात हिंगे आंबलेले असतात, त्यांना उडायचं सुचत नाही. धक्का लागला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात आणि टपकन खाली पडतात. त्यांचं हे सोंग साबणाच्या पाण्यात खरं व्हायचं. सात-साडेसातनंतर हाच किडा अंगात ऊन भरलं की भुर्रकन उडून शेजारच्या झाडावर जाई, आणि मग दिवसभर तुम्ही डबा घेऊन नाचलात तरी काही उपयोग नाही. आजीला हे कुणी शिकवलं होतं, ठाऊक नाही. तिची पूजा सकाळची, म्हणून फुलं सकाळची, म्हणून किडेही सकाळचे. एवढाच त्यातला हिशोब.

आम्हा मुलांना डबा धरायला परवानगी होती, किड्याला हात लावायला नव्हती. शेजारच्या आगरी मावशी ओरडायच्या, "हात नको लावूस रं, फोर येतील!" फोड यायचेच. हा किडा चिमटीत दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब सोडतो. त्यात कँथरिडिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला लागलं की काही तासांनी पाण्यानं भरलेला टपोरा फोड उठतो, आणि तो हात चुकून डोळ्याला लागला तर विचारायलाच नको. अमेरिकेत याच कुळातले किडे गवताच्या गठ्ठ्यांत सापडून घोडे दगावल्याची उदाहरणं आहेत. आणि त्याच कँथरिडिनपासून केलेल्या, कातडीवरचे मोलस्कमचे फोड घालवायच्या औषधाला तिथल्या औषध प्रशासनानं २०२३ साली मान्यताही दिली. विषाचं औषध होतं ते मात्रेनं. आमच्या अंगणात मात्रा वगैरे नव्हती, मावशींचा आवाज होता.

आजीची दुसरी युक्ती मला आजही अधिक हुशारीची वाटते. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून गळायला लागतं. पण उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी खुडून ठेवली, तरी ती झाडाविना, फारसं पाणीही न मागता, सकाळी उमलते. दादर-कल्याणच्या बाजारात जास्वंद येते ती अशीच, कळी म्हणून निघते आणि फूल होऊन पोचते. गणपतीच्या दिवसांत आजी दिवेलागणीच्या आधी लांब, रंग भरलेल्या कळ्या तेवढ्या हेरून खुडायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवायची. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावायचा नाही, हा नियम. त्यामुळे तिची लगबग चाले. सकाळी हिंगे झाडावर येऊन बघतात तो जेवण आदल्या दिवशीच उचललेलं.

आणि माणसं किती यायची! मंगळवारी, चतुर्थीला शेजारपाजारच्या बायका आपापली परडी घेऊन येत. "काकू, दोन फुलं घेते हं" असं म्हणत चार घेत, पण घेताना झाडाकडे बघत. कोणाच्या हातून एखादा किडा पायाखाली जाई, कोणी पिठ्या ढेकूण लागलेली फांदी दाखवी, कोणी आपल्या चुलीची राख भेंडीवर भुरभुरायला पाठवून देई. रोज दहा नजरांखालून जाणाऱ्या झाडावर कीड माजायला वेळच मिळत नसे. त्या बागेला राखणदार होते ते हे फुलं नेणारेच.

इथवर लिहिलं की आमचं बालपण फारच निर्मळ होतं असं वाटायला लागतं. ते तसं नव्हतं.

वडील कारखान्यात काम करणारे, छापील लेबलावर विश्वास असणारे. आजीचा डबा त्यांना मागासलेला वाटे. ते अंबरनाथच्या बाजारातून बीएचसी पावडर आणायचे. पांढरट-राखाडी, कुबट वासाची. ती पावडर जुन्या मलमलच्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी झाडाभोवती आपटत फिरायचं, म्हणजे धूळ पानाफुलांवर बसते. हे काम उघड्या हातांनी चाले. तोंडाला रुमाल बांधला तर बांधला. उरलेली पावडर घरातल्या फळीवर; तीतली एक चिमूट मुंग्यांसाठी, कधी ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यात. नंतर सेव्हिनचा डबा आला. भेंडीवरच्या किड्यांना हेच मारा, असं त्या काळी शेतीचे जाणकारही सांगत. आजीनं पावडर मारलेल्या झाडांची फुलं देवाला वाहायचं बंद केलं. विष म्हणून नव्हे. फुलाला वास येतो म्हणून. तिनं कण्हेरीवर भागवलं.

मग १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखेच्या मधल्या रात्री भोपाळ घडलं. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठवलं जात होतं ते कार्बारिल, म्हणजे आमच्या फळीवरचं सेव्हिन, बनवण्यासाठी. वर्तमानपत्रात हे वाचल्यावर वडिलांनी डबा उचलून परसात खड्डा करून पुरला. पुरणं हाही काही शहाणपणा नव्हता, पण त्या वेळी त्याहून वेगळं काय करायचं ते आसपास कुणालाच सांगता आलं नसतं. पुढं सरकारलाही एकेक डबा फळीवरून खाली काढावा लागला. शेतीतलं डीडीटी १९८९ साली गेलं, बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली, एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं, आणि कार्बारिलचा क्रमांक लागला ऑगस्ट २०१८ मध्ये. भोपाळनंतर चौतीस वर्षांनी. त्याच्या आदल्याच वर्षी यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. पूर्वी सगळं नैसर्गिक होतं, हल्लीच रसायनं आली, असं कुणी छातीठोकपणे म्हणायला लागलं की मला ती मलमलची पुरचुंडी दिसते.

बरं, त्या पावडरीनं हिंगे तरी जात होते का? मरायचे, नक्की मरायचे. पण तिसऱ्या दिवशी तितकेच नवे हजर. कारण हा किडा तुमच्या झाडावर जन्मत नाही, तो माळावरून उडत येतो. मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली चिमुकली, चपळ अळी जमिनीत शोधत फिरते ती नाकतोड्यांच्या अंड्यांचे पुंजके, आणि त्यांवरच वाढते. म्हणजे आई-बाप जास्वंद खातात आणि पोरं नाकतोडे जन्मायच्या आतच संपवतात. आमच्या भाताच्या खाचरांवर या पोरांचे किती उपकार झाले असतील, ते कधी कुणी मोजलं नाही. ज्या वर्षी माळावर नाकतोडे उदंड, त्यापुढं हिंगेही उदंड, असं असणार. अंगणातल्या दोन झाडांवर विष टाकून हे गणित बदलणारं नव्हतंच. मूळ माळावर होतं आणि आम्ही लढत होतो ते टोकाशी.

गुलाबाचं दुखणं निराळं. तिथं जूनमधल्या पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे निघत. ज्यांच्या अळीला उसाच्या मुलखात हुमणी म्हणतात, ते तपकिरी, मठ्ठ उडणारे. रात्रीत पानांची चाळण. पडवीतल्या पिवळ्या दिव्याखाली परात ठेवायची, तीत पाणी आणि रॉकेलचे चार थेंब, की दिव्यावर आपटून पटापट आत पडत. रॉकेल रेशनचं, म्हणून चारच थेंब. आता पडवी नाही, रॉकेल नाही, आणि रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांकडे कीटक जुन्या पाऱ्याच्या दिव्यांइतके झेपावतही नाहीत.

आताचं चिखलोली खिडकीतून पाहिलं तर इमारतीच इमारती. २००१ साली लाखाच्या आत असलेलं बदलापूर २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं होतं. त्यानंतरची वाढ डोळ्यांनीच मोजायची. अंबरनाथ त्या बाजूनं सरकत आलं, बदलापूर या बाजूनं, आणि मधलं आमचं गाव दोन्हीकडून भरत गेलं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर चिखलोलीला स्वतःचं स्थानक मंजूर झालं, तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत "स्थानकापासून पाच मिनिटं" आहे. खाचरं गेली, बांध गेले, बांधावरची भेंडी गेली. माळाचे तुकडे उरलेत, त्यांनाही पत्र्याचं कुंपण आहे. आमच्या बैठ्या घराच्या जागी आता आमचीच सोसायटी उभी आहे, आणि तिच्या पुढच्या पट्ट्यात ओळीनं लावलेली संकरित जास्वंद: पिवळी, गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची. देवाला चालणारी लाल एकेरी शोधावी लागते.

आणि या जास्वंदीला हिंगे लागत नाहीत. म्हणजे लागतात, पण पूर्वीच्या मानानं नावाला. भाद्रपदात एखादा चुकार येतो. चिखलोलीतल्या फुलांचं हिंग्यांपासून संरक्षण अखेर कुणी केलं असेल, तर आजीच्या डब्यानं नाही आणि वडिलांच्या पावडरीनंही नाही. जेसीबीनं केलं, असा माझा अंदाज आहे. माळ खोदला, नाकतोडे गेले, त्यांच्या अंड्यांवर वाढणारे गेले. फूल अखंड राहतं आणि संध्याकाळी कुणीही न तोडता गळून पडतं. कारण घरोघरी फुलपुडी येते. कल्याणच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत झेंडू, दोन दुर्वा आणि कोमेजलेली एक जास्वंद. ती दाराच्या कडीला लटकते. खाली झाडावर ताजी फुललेली असते आणि वर दाराला शिळी. झाडाकडे बघणारं कुणी नाही, म्हणून मग पिठ्या ढेकूण कापूस पिंजल्यासारखा फांदीभर पसरेपर्यंत पत्ता लागत नाही.

गेल्या वर्षी एक हिंगा पाचव्या मजल्यावरच्या कुंडीत दिसला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर केवढी धावपळ! त्याचा जवळून काढलेला फोटो, खाली "विषारी आहे का?" मग उपायांचा पाऊस. लसूण-मिरचीचं पाणी, खायचा सोडा, दशपर्णी अर्क, हिंगाचं पाणी (हिंग्यावर हिंग, हे सुचवणाऱ्याला दाद दिली पाहिजे), आणि कुणीतरी थेट पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर. कडुनिंबाचं तेल सगळ्यांना मान्य. ते बरं आहेच, फक्त त्याच्याकडून ते झटक्यात मारील अशी अपेक्षा करू नये. कडुनिंब किड्याची भूक मारतो, वाढ बिघडवतो. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीनं सगळी झाडं ओरबाडली आणि कडुनिंब तेवढा हिरवा राहिला, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं आणि पुढं त्यावर संशोधनाची रांग लागली. निंबोळी अर्क करायचा तर पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी. कुंड्यांसाठी त्याच प्रमाणात पावशेर. फवारायचा तो संध्याकाळी, कारण उन्हात त्यातला गुण उडून जातो, आणि उमललेल्या फुलावर शक्यतो नाहीच, तिथं मधमाश्या येतात. पण उडून आलेल्या, पोटभर खाणाऱ्या हिंग्याला हे सगळं समजावणार कोण?

भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या दारातल्या गुलाबांना जुलैत जपानी भुंगेरे लागतात. हिरवे, तांब्याच्या रंगाचे पंख असलेले, दिसायला दागिन्यासारखे. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले तेही तिच्याच राज्यात, रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत, १९१६ साली. तिनं हौसेनं वास लावलेला पिवळा सापळा टांगला, तर पिशवी भरली आणि गुलाबही साफ झाले. हे सापळे पकडतात त्याहून जास्त भुंगेरे परिसरातून बोलावून आणतात, असं तिथल्या अभ्यासांतच दिसून आलंय. "मावशी, आता तो सापळा शेजाऱ्यांना भेट देऊ का?" असं तिनं विचारलं. मग तिथल्या विद्यापीठाच्या शेतीवाल्यांनी तिला खरा उपाय सांगितला: सकाळी लवकर, गारव्यात, साबणाच्या पाण्याचं भांडं फांदीखाली धरा आणि फांदी हलवा. तिनं मोठ्या नवलानं मला हे फोनवर सांगितलं. तिच्या पणजीचा डालड्याचा डबा मी तिला सविस्तर वर्णन करून सांगितला. तिला त्यातलं डालडा कळलं नाही, बाकी सगळं कळलं.

मी स्वतः आता काय करते? मागच्या कुंपणाशी एक लाल एकेरी जास्वंद जगवली आहे. हातमोजे घालते, कारण मावशींचा आवाज अजून कानात आहे. गणपतीच्या आठवड्यात झाडावर जुनी मच्छरदाणी टाकते. खाली दोरीनं आवळली की हिंगा आत शिरत नाही, आणि मला वाटतं सगळ्या उपायांत हाच सर्वांत कमी बोलका आणि सर्वांत कामाचा आहे. कळ्या संध्याकाळी खुडते. बाकी काळात एखादा हिंगा दिसला तर त्याला खाऊ देते. एवढ्या इमारती ओलांडून तो आला कुठून, याचंच कौतुक वाटतं.

एक वाटेकरी राहिलाच. बी विंगमधले निवृत्त काका पहाटे साडेपाचला आकडी लावलेली काठी आणि कापडी पिशवी घेऊन फेरफटक्याला निघतात आणि सोसायटीची, शेजारच्या सोसायटीची, रस्त्याकडेची, होती नव्हती ती फुलं घेऊन परततात. अशी माणसं महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीत असतात आणि त्यांच्यावर प्रत्येक ग्रुपवर तक्रार असते. गेल्या सभेत पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट आणि काकांची फुलचोरी हे दोन विषय लागोपाठ आले. अध्यक्ष म्हणाल्या, फवारणीचे पैसे वाचवायचे असतील तर रोज पहाटे कुणीतरी झाडांकडे बघायला हवं. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मग मीच सुचवलं की पहाटे झाडांपाशी कोण असतं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. काका आधी रागावले, मग म्हणाले, "फुलं नेली तर चालतील का?" चालतील, असं ठरलं, झाडामागे दोन ठेवून. इतिवृत्तात तशी नोंद आहे. हातमोजे आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा सोसायटीच्या खर्चानं आणला, आणि साबणाचं पाणी ज्याचं त्यानं घालायचं.